अपुऱ्या स्टॅम्पाचे नाना

आमच्या घरमालकाला लोक आता चांगला म्हणतात. मेलेला माणूस चांगलाच असतो, त्याला काही करावं लागत नाही. मागे एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही नानांच्या जागेत होता ना? काय सरळ माणूस!" मी म्हटलं, होय, सरळ होते. पहारसुद्धा सरळच असते, पायावर पडली की कळतं. अकरा वर्षं मी त्या माणसाचा भाडेकरू होतो. माझ्या वाटेवर भिंत घालणारा तोच, त्या भिंतीवर दावा कसा लावायचा ते शिकवणारा तोच, आणि माझ्याजवळ दाव्याची फी नाही म्हटल्यावर ती भरायला निघालेला प्रतिवादीही तोच. असा दुसरा माणूस धुळ्यात झाला असेल तर मला दाखवा.

तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणत होतो, नाना म्हणत होतो. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

नाना कोर्टात कारकून होता. दावा लावायला माणूस आला की कागद आधी याच्या टेबलावर यायचा. फीचा स्टॅम्प पुरेसा लावला आहे का, नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला, हे सगळं तपासायचं आणि एक अक्षर कमी असलं तरी कोपऱ्यात 'अपुरं' लिहून कागद परत करायचा, हे त्याचं काम. तीस वर्षं त्यानं हे केलं. मग पेन्शन झाली. टेबल सुटलं, पण हात काही थांबला नाही. दूधवाल्याची चिठ्ठी परत, वाण्याची यादी परत. त्याच्या सख्ख्या मेहुणीच्या मुलीची लग्नपत्रिका आली, तिच्यात लग्नाचं गाव होतं, तिथी होती, वेळ नव्हती. पठ्ठ्यानं कोपऱ्यात 'अपुरं' लिहून टपालानं परत पाठवली. लग्नघरात रडारड झाली, की नाना रागावले, नाना येणार नाहीत. दुसरी पत्रिका वेळ घालून आली तसा हा कोट घालून आनंदानं गेला आणि वर चार पंगतींना वाढलं. राग त्याला नव्हताच. कागद अपुरा होता.

कोर्टात फीचा स्टॅम्प पुन्हा कोणी वापरू नये म्हणून त्याला भोक पाडतात. नानाला त्याचीही सवय लागलेली. खिशात पोती शिवायचं दाभण असायचं. भाड्याची पावती दिली की तिला भोक, पोस्टाचं पाकीट फोडलं की तिकिटाला भोक. एकदा भुसावळला जाताना त्यानं रेल्वेचं तिकीट काढलं आणि डब्यात बसल्या बसल्या आपणच भोक पाडून टाकलं. तपासनीस म्हणाला हे तिकीट वापरलेलं आहे. नाना म्हणाला, वापरलेलंच आहे, मी वापरतो आहे. शेवटी दुप्पट भाडं भरलं, त्याची पावती मागून घेतली आणि तिलाही तपासनिसाच्या देखत भोक पाडलं.

अशा माणसाच्या जागेत मी गेलो तो माझ्या धंद्यापायी. मी सुतार, त्यातही गाड्यांच्या चाकांचा. गाव शिंदखेड्याकडे. शिक्षण दुसरी यत्ता. बालबोध अक्षर मी वाचतो, सावकाश वाचतो, पण वाचतो. बाभळीचं चाक तयार झालं की त्याच्यावर लोखंडी धाव चढवावी लागते. ती आगटीत लाल करायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. हे काम घरात होत नाही. त्याला मोकळं अंगण लागतं आणि अंगणात बैलगाडी शिरेल एवढी वाट लागते. पांझरेच्या अलीकडे नानाच्या तीन खोल्या होत्या, एक छपरी होती आणि छपरीच्या मागे असं अंगण होतं. मी म्हटलं, नाना, मला छपरी पाहिजे आणि अंगण पाहिजे. नाना म्हणाला, "अंगण छपरीचंच आहे. तूच वापर."

हे तो बोलला. माझ्या बायकोनं ऐकलं, त्याच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी ऐकलं. मग त्यानं भाडेचिठ्ठी काढली. कागद मोडीत लिहिलेला, एकाला एक जोडून, पाऊस पडल्यावर गांडुळं निघतात तसा. नाना म्हणाला, "वाचून दाखवू?"

आता मोडी मला येत नाही. पण समोर तिघं भाडेकरू उभे, त्यात एक शाळामास्तर. मी म्हटलं, मला वाचता येतं. कागद हातात घेतला, जितका वेळ लागावा तितका वेळ त्याच्याकडे बघितलं, मधे एकदा मानसुद्धा हलवली आणि सही ठोकली. त्या कागदात फक्त छपरी होती. अंगण नव्हतं.

नानाच्या ओट्यावर रोज कोर्ट बसायचं. वेळ साडेदहा ते बारा. भाडं द्यायचं, तक्रार करायची, काही मागायचं, ते याच वेळात. पाऊण मिनिट उशीर झाला तर म्हणणार, "कोर्ट उठलं." आणि आपण समोर हातभर अंतरावर उभे असलो तरी तो आधी मोठ्यानं पुकारा करायचा. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि "हाजिर आहे?" असं तीनदा. आपण 'हाजिर' म्हणायचं, मग बोलणं सुरू. बाकीचे भाडेकरू म्हणायचे. मास्तर तर हसत हसत म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. मी समोर उभा आहे, तुझ्या डोळ्यांना दिसतो आहे, मी कसला हाजिर? तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तो वहीत माझ्यासमोर 'गैरहजर' लिहायचा, मग चष्मा काढून म्हणायचा, "काय रे, काय काम आहे?" अकरा वर्षं दर महिन्याला मी भाडं दिलं आणि त्याच्या वहीत अकरा वर्षं मी गैरहजर आहे.

आणि तोंडी काही सांगायला गेलं की त्याचं एकच म्हणणं. "तोंडी भांडण कुत्रीसुद्धा करतात. लेखी आण."

तर झालं असं की मास्तरांनी लेखी आणलं. माझ्या आगटीचा धूर त्यांच्या खिडकीत जातो, त्यांच्या मंडळींना खोकला होतो, असा दोन पानी अर्ज. अक्षर मोत्यासारखं. धूर जात होता, मी नाही म्हणत नाही. मला सांगितलं असतं तर मी आगटी पलीकडच्या कोपऱ्यात नेली असती. पण मास्तरांना लिहिता येत होतं म्हणून त्यांनी लिहिलं. नानानं अर्ज वाचला, कुठे अपुरा सापडतो का बघितलं, सापडला नाही. मग माझी भाडेचिठ्ठी काढली. तिच्यात अंगण नाही. मला बोलावून म्हणाला, अंगणाची वाट बंद करावी लागेल.

मी म्हटलं, नाना, तुम्हीच म्हणाला होता अंगण माझं.

"म्हणालो होतो."

मग?

"ते तोंडी."

मी म्हटलं, अहो, पण तुम्हाला आठवतं आहे ना? तर म्हणाला, मला चांगलं आठवतं, कार्तिकातला दिवस होता, तुझ्या डोक्याला पांढरं मुंडासं होतं. पण अर्ज लेखी आहे आणि तुझ्या बाजूनं कागद नाही. मी काय करू?

दोन दिवसांत गवंडी आला. वाटेवर छातीएवढी भिंत उभी राहिली. भिंत धरताना गवंड्याचा ओळंबा सापडेना, तर नाना माझ्याकडे आला आणि माझाच ओळंबा मागितला. आणि मी दिला. काय करता, वाकडी भिंत मला बघवत नाही.

गाडी आत येईना, आगटी पेटेना. चाकं तयार, पण धावेवाचून चाक म्हणजे नुसतं लाकडाचं कडं. गाड्या जोडायचे दिवस तोंडावर आलेले. शिरपूरकडचा एक जुना गिऱ्हाईक गाडी घेऊन आला, भिंत बघून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हनं काम चांगलं शे, पन मनी गाडी का मी खांदावर लई येऊ?" गेला दुसऱ्याकडे. त्याच्यामागून आणखी गेले. मी पंधरा दिवस छपरीत बसून चाकांचे आरे तासले. लागत नव्हते तेही तासले. दुसरी जागा बघावी तर एवढं अंगण असलेली जागा गावाबाहेर, आणि नव्या जागेला आगाऊ द्यायला हातात काही नाही. अंगण गेलं की धंदा गेला, हे मला कळत होतं आणि नानालाही कळत होतं.

शेवटी मी ओट्यावर गेलो. पुकारा झाला, गैरहजर लिहून झालं. मी म्हटलं, नाना, माझ्या पोटावर भिंत घातली तुम्ही. तर म्हातारा म्हणतो, "बरोबर आहे. दावा लाव माझ्यावर."

आणि असा खुलला म्हणता! फडताळातून पुस्तक काढलं, लाल दोऱ्याची खूण उघडली आणि मला सांगायला लागला, की वहिवाटीचा दावा कसा मांडायचा, साक्षीला कोणाला घालायचं. "अक्काला घाल," म्हणाला, "ती खोटं बोलणार नाही." म्हणजे त्याच्यावरच्या दाव्यात त्याचीच बायको माझी साक्षीदार. मग फीचा आकडा सांगितला. एवढी रक्कम माझ्या घरात त्या महिन्यात नव्हती, आणि ती भरल्याशिवाय कोर्ट कागदाला हात लावत नाही.

"नादारीचा अर्ज कर," नाना म्हणाला.

नादार म्हणजे ज्याच्याजवळ दाव्याची फी भरण्याइतकंसुद्धा नाही असा माणूस. त्यानं आपल्या घरात काय काय आहे त्याची यादी द्यायची, कोर्टापुढे शपथेवर सांगायचं की मी असा असा आहे, आणि मग कोर्ट फी न घेता दावा घेतं. मी म्हटलं, मी नादार नाही. दोन हात आहेत मला. मला फी माफ नको. तर नाना कपाळाला हात लावून म्हणाला, "माफ काही होत नसतं रे. थांबतं. जिंकलास तर मी भरीन, हरलास तर तू भरशील. सरकार फी सोडतं होय? तीस वर्षांत मी एक आणा सुटलेला बघितला नाही."

मी उठून आलो. घरी बायकोला सांगितलं, की मी काही भिकाऱ्याचा अर्ज करणार नाही. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हनी मान ताठ ऱ्हाऊ द्या. पन मान काय चुल्हामा घालता येस का?"

आठ दिवसांनी मी कबूल झालो. अर्ज कोणी लिहिला? नानानंच. स्वतःवरचा दावा आणि माझ्या नादारीचा अर्ज, दोन्ही त्यानं आपल्या ओट्यावर बसून लिहिले, वेळ साडेदहा ते बारा. मधे अक्का पाणी घेऊन आल्या, त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका, त्यांना खूप दिवसांनी काम मिळालं आहे." यादी करायला तो माझ्या घरी आला. चटई उचलून बघितली, पेटी उघडायला लावली. हत्यारं धंद्याची आहेत, कपडे अंगावरचे आहेत, हे धरायचं नाही, असं पुटपुटत फिरला. कोपऱ्यात माझ्या आईची तांब्याची घागर होती, बोट लावलं तर वाजेल अशी. नाना म्हणाला, ही तुझ्या बायकोची ना? बायकोची असली तर यादीत यायची नाही. मी म्हटलं, माझ्या आईची आहे, म्हणजे माझी. तो बायकोकडे बघायला लागला, बायको माझ्याकडे बघायला लागली. शेवटी त्यानं लिहिलं नाही. मला ते लागलं. घरात एवढी एक वस्तू सांगण्यासारखी, तीच कागदावर नाही.

चौकशीचा दिवस आला. असल्या अर्जाची नोटीस समोरच्यालाही जाते, म्हणजे अर्जदार खोटा गरीब असला तर त्यानं येऊन दाखवून द्यावं. त्यामुळे नाना प्रतिवादी म्हणून हजर, कोट, उपरणं, खिशात दाभण. व्हरांड्यात माणसं भरलेली. त्यांत शिरपूरकडचे दोघं माझे गिऱ्हाईक, कसल्यातरी बांधाच्या भांडणात आलेले. मला बघून रामराम केला. तेवढ्यात पट्टेवाला बाहेर आला आणि पुकारा केला. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि पुढे, "नादार अर्जदार, हाजिर आहे?" एकदा नाही, तीनदा. माझ्या बापाच्या नावापुढे नादार. माझा बाप जन्मात कोणाच्या दारात ताक मागायला गेला नाही.

आत गेलो तेव्हा माझे कान तापलेले होते. जज्जसाहेब भले गृहस्थ, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, दाव्याची फी भरायला तुमच्याजवळ काही नाही, खरं ना?

मी म्हटलं, आज रोकड नाही. पण मी नादार नाही.

साहेबांनी मान वर केली. सरकारी वकील पुढे झाले. मग काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, सहा जोड्या चाकं तयार आहेत, आख्ख्या खानदेशात असं चाक दाखवा. बाभूळ वाळत घातली आहे दोन गाड्या. आईची तांब्याची घागर आहे, ती या यादीत नाही पण ती आहे. वकील म्हणाले, विकली तर फी निघेल? मी म्हटलं, फी निघून वर साहेबांना पेढे देईन.

व्हरांड्यातून कोणीतरी हसलं. आणि मागून नाना उभा राहिला, तांबडालाल झालेला.

"साहेब, हा शपथेवर खोटं बोलतो आहे. चाकांना धावा नाहीत, बाभूळ ओली आहे. याच्याजवळ काही नाही. मी स्वतः मोजलं आहे."

साहेब म्हणाले, "तुम्ही याचे वकील का?"

"नाही साहेब. मी प्रतिवादी."

साहेबांनी चष्मा पुसला. मग ते म्हणाले, अर्जदार स्वतःच आपण नादार नाही म्हणतो तर कोर्ट त्याला नादार कसं करणार? अर्ज नामंजूर. फी भरायला मुदत दिली आणि पुढचं प्रकरण घेतलं. मी बाहेर आलो तो मान ताठ. शिरपूरकरांकडे बघितलं. पायऱ्या उतरल्यावर मात्र कळलं, की भिंत होती तिथेच आहे.

नाना माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. ओट्यावर गेलो तर पुकारा करायचा, गैरहजर लिहायचा आणि वही मिटायचा. चौथ्या दिवशी आपणच छपरीत आला. हातात स्टॅम्प. पुरी फी, माझ्या नावानं विकत घेतलेली.

"घे," म्हणाला. "मुदत संपत आली."

मी म्हटलं, तुमच्याच पैशानं तुमच्यावर दावा लावू? लोक काय म्हणतील?

"लोकांचं राहू दे. तुझ्या नावाचा स्टॅम्प आहे, मला वापरता येत नाही."

मलाही येत नाही, मी म्हटलं.

मग त्यानं खिशातून दाभण काढलं, माझ्या बाकावर स्टॅम्प ठेवला आणि त्याला आरपार भोक पाडलं. का, तर कोणी चोरून वापरू नये म्हणून. एवढ्या रकमेचा कागद! तो घडी घालून खिशात ठेवून गेला. त्याच्याइतका पैसा वाया घालवणारा काटकसरी माणूस मी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घागर तांबटाकडे नेली आणि फी भरली. माझ्या पैशानं, माझ्या नावानं. कोर्टातून आलो तर बायको रिकाम्या कोपऱ्यात बघत बसलेली. कोर्टात मी सगळ्यांपुढे घागर मिरवली होती, त्यावर एवढंच म्हणाली, "घागर बठ्ठासले दखाडी. आते पानी कसामा भरू?"

दाव्याच्या तारखेला मी अक्कांना साक्षीला नेलं होतं, माझा एक भाऊबंद नेला होता, सगळी तयारी. नानानं आपली लेखी कैफियत पुढे केली. साहेबांनी ती वाचली, उलटून पाठ बघितली, पुन्हा वाचली. तिच्यात एकच ओळ होती. वादी म्हणतो ते सर्व खरे आहे.

साहेब म्हणाले, "मग भिंत कशाला घातलीत?"

नाना म्हणाला, "लेखी तक्रार आली होती, साहेब."

अंगण छपरीचंच, भिंत काढावी आणि वादीचा खर्च प्रतिवादीनं द्यावा, असा हुकूम झाला. संध्याकाळी नानानं स्वतः भिंत पाडली. गवंडी बोलावला नाही. धोतर वर खोचून, माझीच पहार घेऊन. विटा मोजून रचल्या. मग हात धुऊन आला, माझी फी माझ्या हातात मोजून दिली आणि पावती पुढे केली. आजवरचे त्याचे सगळे कागद मोडीत. ही पावती बालबोधात होती, अक्षरं करंगळीच्या नखाएवढी मोठी. "मोठ्यानं वाच आणि मग सही कर," म्हणाला. मला राग आला, पण मी वाचली.

मी म्हटलं, नाना, फी आली, घागर कुठून आणू? तांबटानं ती कधीच आटवली.

"खर्चात घागर धरत नाहीत," म्हणाला आणि पावतीला भोक पाडून निघून गेला.

अंगणात पुन्हा आगटी पेटली. मी ती पलीकडच्या कोपऱ्यात नेली, मास्तरांच्या मंडळींचा खोकला थांबला. गिऱ्हाईक निम्मे परत आले. पण मला एक गोष्ट पचत नव्हती. एवढं सगळं कबूलच होतं, तर नवी भाडेचिठ्ठी करून अंगण लिहून द्यायला काय झालं होतं? पाच मिनिटांचं काम. हे मी त्याला दोन-तीनदा विचारलं. त्यानं दर वेळी सांगितलं, लेखी विचार.

उत्तर मिळालं ते तीन वर्षांनी, लढाईच्या दिवसांत. नाना अंथरुणाला खिळला होता. मूलबाळ नव्हतं, म्हणून जळगावहून पुतण्या आला. त्याचं तिकडे अडतीचं दुकान होतं. काकाची विचारपूस करून झाली की तो मागच्या अंगणात यायचा आणि पावलांनी लांबी-रुंदी मोजायचा. मला म्हणाला, इथे कापसाची वखार चांगली होईल, तुम्ही दुसरीकडे बघून ठेवा. मी रंधा मारत होतो, तसाच मारत राहिलो, पण लाकडाला खाच पडली.

त्याच दिवशी अक्कांचा निरोप आला, की कोर्टाचा हुकूमनामा घेऊन या. गेलो. नाना पडलेला, नुसती हाडं. पुतण्या उशाशी बसलेला. मी खाटेजवळ जाऊन उभा राहिलो तर म्हाताऱ्यानं पुकारा सुरू केला. आवाज राहिला नव्हता, तरी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. एकदा. दोनदा. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, "हाजिर."

त्यानं डोळे उघडून मला नीट बघितलं, दुसराच कोणी आला आहे की काय अशा नजरेनं. मग म्हणाला, "वाच. यानं ऐकलं पाहिजे."

हुकूमनाम्याची नक्कल त्यानंच मागे मला बालबोधात उतरवून दिली होती, मोहरेच्या कागदाला टाचून. मी वाचायला लागलो. एकेक शब्द धरून, बोटानं ओळ धरून. पुतण्या आधी अंगठ्यानं नखं कुरतडत होता, मग थांबला. अंगण छपरीचे असून वादीच्या वहिवाटीचे आहे, इथपर्यंत आल्यावर त्यानं कागद मागून घेतला, मोहर बघितली आणि मला परत दिला.

मी नानाला विचारलं, हे एवढं माझ्याकरता केलं होतं का? मग नवी चिठ्ठी का नाही दिली?

"चिठ्ठी यानं फाडली असती," म्हणाला. पुतण्या तिथेच बसलेला. "म्हाताऱ्याकडून लिहून घेतली म्हणाला असता. हुकूम फाडता येत नाही."

खरं सांगतो, माझा अजून विश्वास नाही. मला वाटतं त्यानं भिंत घातली ती मास्तरांचा कागद बघूनच, आणि हे मागून रचलं. कारण तो पुढे म्हणाला, "तुला मोडी येत नव्हती, तर त्या दिवशीच सांगायचं होतं."

मी म्हटलं, तुम्हाला कळलं होतं तर तुम्ही वाचून दाखवायचं होतं.

"मी विचारलं होतं."

मी कागदाची घडी घालायला लागलो. त्यानं हात हलवला.

"तारीख वाचली नाहीस. अपुरं."

मी कागद पुन्हा उघडला आणि तारीख वाचली. खालची मोहरेची ओळसुद्धा वाचली. त्यानं डोळे मिटले. अक्कांनी पदर तोंडाला लावला. पुतण्या उठून उभा राहिला, मीही मुंडासं काढलं. आम्हा तिघांनाही वाटलं, झालं.

कुठलं व्हायला? आणखी सतरा दिवस होता. मधे महिन्याची पहिली तारीख आली, मी भाडं घेऊन गेलो, तर साडेदहाला पाच मिनिटं कमी होती म्हणून म्हाताऱ्यानं मला बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं.